पडद्याचे भांडण कोणालाही न देण्याबाबत

मी, फेरियाल बुक्तर, कै. तादरस शिंपी यांची पत्नी, वय अठ्ठ्याहत्तर, राहणार नझलत बखूम, मिन्या प्रांत, हे स्वतःच्या हाताने लिहिते आहे. माझे डोके ठिकाणावर आहे आणि मानगुटीवर कोणी बसलेले नाही. डॉक्टर म्हणतात, हृदय थकले आहे. पण गेल्या शुक्रवारपासून ते इतके हलके झाले आहे की लिहिता लिहिता मला हसू फुटते. अक्षर वाकडे दिसल्यास ते हसण्यामुळे समजावे, भ्रमामुळे नव्हे. सात वर्षांपूर्वीचे माझे मृत्युपत्र, ज्यात निम्म्या गावाला माझ्या अंत्ययात्रेस येण्याची मनाई होती, ते या लेखाने रद्द.

एक. घर आणि गच्चीवरची कबुतरे भाची मर्सील हिला. चर्चच्या बायकांची बैठक आता पुन्हा एकच होणार असून बैठकीला जागा पुरणार नाही, म्हणून बुधवारी खालची खोली मोकळी ठेवावी. त्या वेळी पायऱ्यांवर भाजी निवडत बसू नये.

दोन. शिवणयंत्र चर्चच्या मुलींना. मोठी कात्री मात्र जिचा हात थरथरत नाही तिलाच द्यावी. टेप नवीन, मोठ्या आकड्यांची घ्यावी. का, ते पुढे आहे.

तीन. माझा राग. तो कोणालाच मिळणार नाही, आणि याचा खुलासा करणे भाग आहे.

चाळीस वर्षे चर्चचे पडदे आणि अबूनांचे, म्हणजे आमच्या पाद्रीबाबांचे, झगे मीच शिवत आले. नऊ वर्षांपूर्वी वेदीपुढचा पडदा विरला. मी लाल मखमलीचा नवा शिवून दिला, मधोमध कलाबतूचा क्रूस. पुनरुत्थानाच्या सणाआधीच्या झावळ्यांच्या रविवारी जाऊन पाहते तो वेदीपुढे कैरोचा विकतचा पडदा. चर्च समितीत बाईमाणूस एकच, माझी लहानपणची मैत्रीण मुनीरा. तो पडदा तिनेच सुचवला, हे मला मासेवाल्याने सांगितले.

मी अबोला धरला. चुलतभाऊ नसीफ माझ्या बाजूने आला, म्हणून त्याचा सख्खा भाऊ वहबा तिच्या बाजूला गेला. आमची माणसे उत्तरेच्या दाराने आत येत, त्यांची दक्षिणेच्या. प्रार्थनेनंतरच्या न्याहारीला फूलच्या, म्हणजे शिजवलेल्या कडधान्याच्या, हंड्या दोन. मठाच्या यात्रेला बसगाड्या दोन, दोन्ही अर्ध्या रिकाम्या. शांतीसाठी शेजाऱ्याचा हात हातात घ्यायची वेळ आली की आम्ही खांबांकडे वळत असू.

यंदा अबूना युस्तुस नवे आले. त्यांना मी सारी कहाणी पहिल्यापासून ऐकवली. चहाचे तीन पेले झाले.

“मावशी, हे मुनीराबाईंना सांगितलंत?”

“सगळ्या गावाला ठाऊक आहे.”

“गावाचं नाही विचारत. त्यांना सांगितलंत?”

“तिला काय सांगायचं? तिनंच तर केलंय.”

“म्हणजे त्यांना सोडून सगळ्यांना सांगून झालं. एकच बाई उरली की. उठा.”

मी रागारागाने तशीच गेले. मुनीरा गच्चीवर होती. उन्हात आंबवलेल्या भाकरीचे गोळे फुगायला ठेवले होते.

“बोलायचं तर बसून बोल,” ती म्हणाली. “भाकरीवर सावली पाडू नकोस.”

मी नऊ वर्षांचे सारे एका दमात बोलले.

“झालं? तुझा पडदा आखूड होता.”

“काय?”

“वीतभर. मी आणि म्हाताऱ्या अबूनांनी टांगून बघितला. त्यांच्या मोज्याचं भोक दिसत होतं खालून. तुझे डोळे गेले होते, फेरियाल. टेपवरचे आकडे दिसत नव्हते तुला. तादरसला जाऊन वर्ष झालं नव्हतं. हे बाहेर फुटलं असतं तर तुला कोणी कापड दिलं असतं? मी अबूनांना म्हटलं, हा गुंडाळून ठेवा, कैरोचाच आणू.”

“मला का नाही सांगितलंस?”

“येतच होते सांगायला. तेवढ्यात तू मासेवाल्याच्या दुकानात मला नागीण म्हणालीस. म्हटलं, राहा आंधळी.” मग म्हणाली, “आणि खरं सांगू? माझ्या बाजूला माणसं जमायला लागली ना, ते बरं वाटायचं गं.”

मलाही वाटायचे. तसे मी म्हणाले. आधी ती हसली की मी, ते आठवत नाही. तोवर गोळे फुगून थाळ्यांबाहेर ओघळले; त्यांच्या चपट्या भाकरी भाजून आम्ही मीठ लावून खाल्ल्या. (त्या पडद्यानंतर काही वर्षांनी मर्सीलने माझे मोतीबिंदू काढवून घेतले. तोवर ज्यांच्या बाह्या कमीजास्त झाल्या असतील, त्यांनी क्षमा करावी.)

शुक्रवारी प्रार्थना संपल्यावर मी सर्वांसमोर उभी राहिले आणि सांगितले: पडदा आखूड होता, चूक माझी होती, मुनीराने ती झाकली. मग नसीफ उठला.

“मग आम्ही नऊ वर्षं कशासाठी भांडलो?”

“तुझं मला माहीत नाही,” पलीकडून वहबा म्हणाला. “माझ्या मुलीच्या लग्नात तू जेवला नाहीस, म्हणून मी भांडत होतो.”

“माझं पोट बिघडलं होतं रे.”

तेव्हा कळले, त्या एका पडद्यामागे प्रत्येकाने आपले वेगळेच भांडण ठेवले होते. अबूना पायरीवर बसले आणि म्हणाले, “आता ज्याचं त्याला सांगा. शेजाऱ्याला नको.” न्याहारी दुपारपर्यंत चालली. दोन्ही हंड्या एकीत ओतायच्या कोणीतरी ठरवले, आणि निम्मे फूल जमिनीवर गेले. मी इतकी हसले की वहबाच्या बायकोने मला वारा घातला.

चार. तो लाल पडदा अबूनांच्या कपाटात आहे. माझ्या शवपेटीवर घालावा. मी बुटकी आहे, मला पुरेल.

पाच. अंत्ययात्रेला सर्वांनी यावे, हव्या त्या दाराने. माझ्या माघारी माझी बाजू घेऊन जो भांडेल, तो माझा माणूस नव्हे. मासेवाल्याला मी मनापासून क्षमा केली आहे, पण त्याला भाषण करू देऊ नये.

सहा. सोन्याच्या दोन बांगड्या मी मुनीराच्या नावे लिहिल्या होत्या. वकील अय्याद म्हणाले, साक्षीदाराला वाटा देऊ नये, दोन्हीतले एक निवडा. मी तिला विचारले.

“बांगड्या मर्सीलला दे,” ती म्हणाली. “मला सही करू दे. तू शुद्धीवर आहेस हे खात्रीनं सांगणारी माझ्याशिवाय गावात आहे कोण?”

म्हणून बांगड्या मर्सीलला.

हे सर्व मी वाचून पाहिले, चष्म्याशिवाय.

लिहून देणार: फेरियाल बुक्तर

साक्षीदार:
१. मुनीरा सिद्राक (ती शुद्धीवर आहे. हसते आहे, पण शुद्धीवर आहे.)
२. अय्याद मिखाईल, वकील

नझलत बखूम, मंगळवार, आमच्या चर्चच्या पंचांगाने १४ तूत १७४१