डबा रिकामा द्यायचा नाही

४ जानेवारी, रविवार

उत्तम रिटायर झाला आणि ओव्हनवर त्याचं राज्य आलं. आज म्हणे गार्लिक ब्रेड! यीस्ट नको, मैदा दह्यात भिजवायचा, तासाभरात पाव तयार – कुठल्याशा व्हिडिओत बघितलंय. थंडीमुळे आमचं दही लागलंच नव्हतं. समोरच्या हंसाबेनकडून डबाभर आणलं.

मैदा, दही, बेकिंग पावडर, चिमूटभर सोडा. पीठ बोटांना असं चिकटलं की मध्येच आलेला फोन मी त्याच्या कानाला धरून उभी. वर लोणी, कोथिंबीर आणि लसणाचा अख्खा गड्डा. पाव बरा झाला. त्याला सांगितलं नाही, रोज करत बसेल.

संध्याकाळी – मी भाजीला खाली उतरले तेवढ्यात या माणसाने डबा परत केला. "रिकामा कसा द्यायचा? तूच म्हणतेस ना?" म्हणून आत पावाचे तुकडे भरले. लसणाचे. हंसाबेन जैन. त्या घरात कांदासुद्धा उंबरा ओलांडत नाही, हे अख्ख्या बिल्डिंगला माहीत आहे. उत्तम सोडून.

५ जानेवारी

हंसाबेनचं दार बंद. एरवी दिवसभर उघडं असतं, नुसती जाळी ओढलेली. चहा ठेवू का म्हणून आतून हाक येते, "उर्मिलाबेन, चाय मूकूं?"

६ जानेवारी

दार बंदच. बेलपर्यंत हात नेला आणि परत आले. कुठल्या तोंडाने बोलू? तिचे यजमान जितूभाई ऑपरेशनपासून काही खात नाहीत. खिचडी, मुगाचं पाणी – ती दिवसभर वाटी घेऊन मागे, ते तोंड फिरवतात. नुसती हाडं राहिलीत. त्यात आम्ही ही भर घातली.

उत्तमला म्हटलं, जा, माफी माग. तर म्हणतो, "दही छान होतं, तेही सांगू?" मी पोळ्या लाटायला गेले.

८ जानेवारी

मला करमत नाही. मीरा रोडला आल्यापासून माझं म्हणावं असं एकच माणूस. आई गेली तेव्हा नातेवाईक पोचायच्या आत तीच माझ्याजवळ बसली होती. चार पावाच्या तुकड्यांपायी ती गेली तर मी काय करू?

९ जानेवारी

हंसाबेन आली. दारातच उभी. मी माफीला सुरुवात केली, तिने हात धरला.

"अरे सुनो तो. रागाने नाय बंद केलं दार. शरम वाटली. डबा उघडला, मी फेकणारच होते. ह्यांना वास आला. स्वतः हात पुढे केला, दोन तुकडे खाल्ले. मी समोर उभी होते, उर्मिलाबेन. थांबवलं नाय."

मग खाली बघत म्हणाली, "दुपारी ह्यांना तुमच्याकडे पाठवू? काय खाल्लं ते मला नका सांगू."