जेवणाच्या सुट्टीत साडेसातशे मीटर

बुधवार, दुपारचे बारा पस्तीस
तलावाशेजारच्या छपराखालून

तीर्थरूप हिया,

आधी सांग, जेवलास का? धाकट्या बहिणीचा वाकून नमस्कार (अंगाला ओला टॉवेल गुंडाळलाय, त्यामुळे जेमतेम वाकता येतंय, पण पोचला असं समज). तुझा रक्तदाब आटोक्यात असेल, वहिनीचे गुडघे कुरकुर करत नसतील आणि पासिर रिसच्या त्या बाराव्या मजल्यावरची लिफ्ट दुरुस्त झाली असेल अशी आशा करते. पत्र बघून दचकू नकोस. कुणी गेलेलं नाही. आपल्याकडे आता जाण्यासारखं उरलंय तरी कोण, तू आणि मी. कागदावर लिहितेय कारण गेल्या चौदा महिन्यांत मी तुला फोनवर अकरा निरोप लिहिले आणि अकराही पुसले. कागदावर खाडाखोड दिसते, म्हणून लाजेखातर माणूस पुढे लिहीत राहतो. टपालाचं तिकीट मागितलं तेव्हा काउंटरवरच्या मुलीने मला दोनदा विचारलं, की काकू, नक्की तिकीटच हवंय ना.

जुन्या गोष्टी उकरून काढायच्या नाहीत असं ठरवूनच बसलेय. आईच्या अंत्यविधीच्या मांडवात, सगळ्या नातेवाइकांसमोर तू म्हणालास, "ह्वेने केलं आईचं सगळं, तिला दुसरं काम तरी काय होतं!" आणि मी टेबलावरची शेंगदाण्यांची बशी तुझ्यावर भिरकावली. एक दाणा तुझ्या चष्म्याच्या काचेमागे अडकला आणि त्याच अवस्थेत तू भटजींशी बोलत राहिलास. तेव्हापासून आपलं बोलणं बंद. बशीबद्दल मला वाईट वाटतं. शेंगदाण्यांबद्दल अजून विचार चालू आहे. पण हे पत्र त्याबद्दल नाही, पोहण्याबद्दल आहे.

हो, पोहण्याबद्दल. हसू नकोस. तुझी बहीण, वय एकोणपन्नास, जहाजावरच्या मालाचे कागद तपासणारी कारकून, ट्रायथलॉनसाठी सराव करते आहे. कसं झालं ते ऐक. नऊ वर्षं मी रोज बाराच्या ठोक्याला उठून बस पकडायचे, चार थांबे, घर, आईला पेज भरवायची, तोंड पुसायचं, परत चार थांबे, एकला खुर्चीत. ती गेल्यावर रजा संपली, मी कामावर रुजू झाले आणि पहिल्याच दिवशी बारा वाजता माझे पाय आपणहून बसमध्ये चढले. घरी पोचून कुलूप काढलं, पेज गरम केली, आणि मग लक्षात आलं की भरवायला कुणी नाही. मीच उभ्याउभ्या खाल्ली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. असं किती दिवस केलं असेल? सात महिने! (हे वहिनीला वाचून दाखवू नकोस. तिने मला डॉक्टरकडे जायला सांगितलं तर मला जावं लागेल.)

आमच्या ऑफिसातली नूरहयाती तुला आठवत नसेल. माझ्या शेजारच्या टेबलावर बसते, पाच मुलांची आई, आवाज गोदामापर्यंत जाईल असा. तिने एक दिवस सगळ्यांदेखत विचारलं, "अगं ह्वे, आता आई नाही, मग रोज दुपारी पळतेस कुठे? कुणी मिळाला की काय?" आता रिकाम्या घरी पेज गरम करायला जाते असं कसं सांगायचं? मी म्हटलं, "सरावाला." "कसल्या?" तिच्या डोक्यामागे भिंतीवर कुठल्याशा ट्रायथलॉनची जाहिरात लावलेली होती, ती मी वाचून दाखवली. बस, संपलं! हयातीला सांगणं म्हणजे सगळ्या बंदराला सांगणं. तीन वाजेपर्यंत आमचे साहेब, मिस्टर पेरुमल, स्वतः टेबलाशी आले आणि म्हणाले, "मिस चुआ, आपण ऑफिसचा संघ काढू." पोहायला मी, सायकलवर गोदामातला इस्कंदर आणि धावायला ते स्वतः (पोट आधी पोचेल, ते मागाहून). वर फतवा काढला की बारा ते एक मिस चुआला कुणी हात लावायचा नाही. नऊ वर्षं आईसाठी दहा मिनिटं जास्त मागताना माझी जीभ अडखळायची, आणि एका थापेवर तासभर पदरात पडला.

थाप निस्तरायची म्हणून मी घराच्या एक थांबा अलीकडे उतरायला लागले. तिथे हा पोहण्याचा तलाव. तेव्हा मला वीस मीटर येत होतं, तेही तू लहानपणी चांगीच्या धक्क्यावरून ढकलून दिलं होतंस त्याच्या भांडवलावर. वेळेचं गणित असं: बारा चारला लिफ्ट, बारा नऊला बस, बारा अठराला तलाव, बारा चोवीसला पाण्यात, बारा सेहेचाळीसला बाहेर. यातली मिनिटं वाचवायची कुठे, म्हणून सकाळीच कपड्यांच्या आत कॉस्च्यूम घालून जायला लागले. फार हुशारी वाटली. त्याच दिवशी आतले कोरडे कपडे घरी राहिल्याचं बारा सत्तेचाळीसला कळलं. दोन वाजता कस्टमच्या दोन अधिकाऱ्यांबरोबर बैठक. ओल्या कॉस्च्यूमवर स्कर्ट चढवून मी त्या थंडगार खोलीत दीड तास बसले आणि उठले तेव्हा खुर्चीवर माझा पुरता नकाशा उमटला होता. दोघे अधिकारी त्याकडे बघून फारच सभ्यपणे आभाळाबद्दल बोलायला लागले. आता माझ्या खणात कपड्यांचे तीन जोड असतात. केसांतलं पाणी अजून कागदांवर ठिबकतं, आणि सुराबायाच्या एका व्यापाऱ्याने आपला माल वाटेत भिजला की काय म्हणून तार केल्यासारखा निरोप पाठवला. गॉगलमुळे डोळ्यांभोवती लाल कड्या उमटतात, त्या चारपर्यंत जात नाहीत. हयाती विचारते, "रडलीस?" मी म्हणते, "गॉगल." बहुतेक वेळा ते खरंच असतं.

पोहण्याचं म्हणशील तर मुख्य अडचण श्वासाची. हात चालतात, पाय चालतात, पण तोंड पाण्यात गेलं की मी श्वास धरून बसते, आणि दहाव्या हाताला जीव कासावीस होतो. शिकवायला कोण? दुपारी तिथे पोहणारे सगळे आपापल्या घड्याळाकडे बघणारे, कुणी कुणाशी बोलत नाही. मी एकदा कपडे बदलायला जाण्याआधी चार नंबरच्या लेनच्या कट्ट्यावर टिश्यूचं पाकीट ठेवून गेले. सवयीने रे, खाऊगल्लीत पाकीट ठेवून टेबल धरतो तसं. परत येऊन बघते तर एक सत्तरीच्या पुढच्या बाई, फुलाफुलांची टोपी, हाताची घडी घालून पाण्याबाहेर उभ्या. लेन रिकामी, पण पाकीट ठेवलंय म्हटल्यावर त्या उतरणार कशा! मला म्हणाल्या, "ये बाई. टेबल तुझंच आहे. मागवलंयस का काही?" या मिसेस ओलिव्हेरो. जन्म जू चियातचा, नवरा बँडमध्ये ट्रंपेट वाजवायचा, तो गेला, मुलगी ॲडलेडला. त्या दिवशी आम्ही एका लेनमध्ये दोघी पोहलो. मी तीन वेळा त्यांच्या पायावर डोकं आपटलं.

त्यांनीच माझा दोष काढला. म्हणाल्या, "तू श्वास कोंडतेस. पाण्यात सोडून दे. हळूहळू फुंकर मार, गरम पेजेवर मारतात ना, तशी." हिया, मी तिथे पाण्यात उभीच राहिले. नऊ वर्षं दिवसातून तीनदा मी चमच्यावर फुंकर मारत होते. ते मला येतं. जगात एवढी एक गोष्ट मला फार छान येते. तोंड पाण्यात घातलं, फुंकर मारली, बाजूला वळून श्वास घेतला, पुन्हा फुंकर, आणि पलीकडची भिंत हाताला लागली. पन्नास मीटर, न थांबता. मी गॉगल काढलाच नाही, भिंतीला धरून गॉगलच्या आतल्या आत खूप रडले. मिसेस ओलिव्हेरो बाजूने दोनदा गेल्या आणि दोन्ही वेळा त्यांनी मुद्दाम पाणी उडवलं.

या दिवसांत मात्र पोहणं कमी आणि बाक जास्त. रोज साडेबाराला वीज पडण्याचा इशारा देणारा भोंगा वाजतो, जीवरक्षक शिट्ट्या फुंकतो आणि सगळे छपराखाली. आत्ताही तेच चाललंय. मी हिशेब केला: पाच महिन्यांत पाण्यात सोळा तास, बाकावर बावीस. त्या बावीस तासांत मी मिसेस ओलिव्हेरोंशी जेवढं बोलले तेवढं वर्षभरात दुसऱ्या कुणाशी बोलले नाही. शनिवार-रविवारी तलावावर क्लासची गर्दी असते, त्या येत नाहीत, मग शुक्रवारी ऑफिस सुटल्यापासून सोमवारी सकाळपर्यंत माझा आवाज मला फक्त लिफ्टमध्ये ऐकू येतो, कुणाला तरी मजला विचारताना. तक्रार नाही करत. सांगतेय फक्त. नाही, तक्रारच आहे.

तरी मागच्या गुरुवारी, मध्ये एक भोंगा धरून, मी साडेसातशे मीटर पूर्ण केलं. शर्यत येत्या रविवारी, ईस्ट कोस्टला, सकाळी सात वाजता, समुद्रात. इस्कंदरने सायकलला तेल दिलंय. मिस्टर पेरुमल जिन्याने चढायला लागलेत, दुसऱ्या मजल्यापर्यंत. मी अगदी मजेत आहे. वहिनीला नमस्कार, पोरांना आशीर्वाद, आणि रक्तदाबाची गोळी विसरू नकोस.

तुझी धाकटी,
सिउ ह्वे

ता. क. या पत्रामागे तसं काही काम नाही.

ता. क. दुसरा. एक बारीकसं काम आहे. शर्यतीच्या अर्जात एक रकाना असतो: काही बरंवाईट झालं तर कुणाला कळवायचं. संघातल्या माणसाचं नाव चालत नाही, कारण तो स्वतःच शर्यतीत. रविवारी हयातीच्या घरी लग्न, तिचा फोन ढोलांत ऐकू यायचा नाही. मिसेस ओलिव्हेरोंना विचारलं तर त्या चाचरल्या, मग म्हणाल्या, "अगं, माझ्या तलावाच्या कार्डावर मी तुझं नाव घातलंय. तुला न विचारता. आता तू माझं घातलंस तर दोघी एकदम बुडाल्यावर कळवायचं कुणाला?" आम्ही खूप हसलो. मग मी तो रकाना सहा दिवस रिकामा ठेवला. आईच्या प्रत्येक कागदावर त्या जागी माझं नाव होतं आणि माझ्या प्रत्येक कागदावर आईचं, अंथरुणातून उठता येत नसतानासुद्धा.

ता. क. तिसरा. न विचारता तुझं नाव लिहून दिलंय, हिया. गेल्या वर्षी कुणीतरी तिथे कोंबडी-भातवाल्याचा नंबर दिला होता, म्हणून आयोजक आता प्रत्येकाला फोन करून खात्री करतात. मंगळवारी दुपारी तुला एका अनोळखी नंबरवरून फोन आला होता. तिथल्या बाईंनी मला सांगितलं की गृहस्थ म्हणाले, "माझं कुठलंही पार्सल कस्टममध्ये अडकलेलं नाही, लाज वाटत नाही का!" आणि फोन आपटला. ते फसवणारे नव्हते रे, माझ्यासाठीच होते. चौदा महिन्यांत तुझं एवढं एकच वाक्य माझ्यापर्यंत पोचलं, ते मी बाईंकडून दोनदा म्हणवून घेतलं. शुक्रवारी दहाच्या सुमारास ते पुन्हा करतील, शेवटचा. उचल. ते विचारतील, चुआ सिउ ह्वे तुमची कोण? तेवढ्या एका प्रश्नाचं उत्तर दे. साडेसातशे मीटरचं मी बघून घेते.