वर्गाला सांगितलेलं घर

सोमवार, २ सप्टेंबर

आले एकदाची. नोकरी लागली, खोली मिळाली, आणि खोलीची खिडकी थेट शाळेच्या फाटकावर उघडते, म्हणजे उशीर झाला म्हणून सबब सांगायची सोयच उरली नाही. खाली शिंप्याचं दुकान आहे. दिवसभर मशीनची खडखड चालते. मला बरी वाटली, तेवढीच सोबत.

मुख्याध्यापिकांना सगळे मोठ्या बाई म्हणतात. त्यांनी मला चौथीचा वर्ग, कपाटाची किल्ली आणि खडूंचा खोका दिला आणि दोन गोड शब्द न बोलता निघून गेल्या. मी हौसेने काळा ड्रेस घातलेला, तो मधल्या सुट्टीपर्यंत पांढरा झाला. नव्या शिक्षकांनी ध्यानात ठेवावा असा पहिला धडा: खडूशी वैर धरू नये.

आईला फोन केला. वर्षभरात जरा मोठी खोली बघते आणि तुला इकडे घेऊन येते, असं सांगितलं. ती म्हणाली, आधी वेळेवर जेवत जा.

शुक्रवार, ६ सप्टेंबर

वर्ग नको इतका शहाणा आहे. कुणी खोडी काढत नाही, कुणी कुणाची चहाडी करत नाही. विचारलं तर पुस्तकातलं उत्तर, नाहीतर मख्ख. शिक्षकांच्या खोलीतही तीच तऱ्हा. आपापला डबा उघडायचा, मान खाली घालून संपवायचा. मी जन्माची बडबडी. ताई म्हणते, झोपेतही माझं तोंड बंद नसतं. इथं संध्याकाळी घसा दुखतो तो न बोलून.

प्रशिक्षणात सांगितलं होतं, मुलं खुलत नसतील तर स्वतःचं काहीतरी सांगा. म्हणून शेवटच्या तासाला पुस्तक मिटलं आणि सांगितलं. लहानपणी सायकलचा ब्रेक लागेना आणि मी थेट शेजाऱ्यांच्या ओल्या सिमेंटात. बाबा एका पायात चप्पल घालून धावत आले, मला खांद्यावर टाकून दवाखान्यात नेलं. टाके माझ्या हनुवटीला पडले आणि रडत होते बाबा. मुलं पोट धरून हसली. बाबांना जाऊन चार वर्षं झाली. त्यांच्या आठवणीनं कुणी हसलं की मला फार बरं वाटतं.

गुरुवार, १९ सप्टेंबर

आता रोज शेवटचा तास गोष्टींचा. बाबांनी मला शीळ घालायला शिकवली ती गोष्ट झाली. ताई आणि मी माळ्यावर अडकलो ती झाली. आमची गल्ली, आमचं दार, दाराची कुरकुर, सगळं झालं. मुलं कानांत प्राण आणून ऐकतात. दारात मला बघून त्यांचे चेहरे असे उजळतात की दिवसभराचा एकटेपणा कुठल्या कुठे जातो.

विज्ञानाच्या सरांना आज सहज विचारलं, तुमच्या घरी कोण कोण असतं. ते डब्याकडे बघत म्हणाले, आठवून सांगतो. विसरभोळं तरी किती असावं माणसानं. मोठ्या बाई मात्र खूश आहेत. म्हणाल्या, या शाळेत आलेला शिक्षक सोडून जात नाही.

शुक्रवार, ४ ऑक्टोबर

आज मुलांची पाळी होती. आपल्या आयुष्यातला एक प्रसंग सांगा म्हटलं. पहिल्या बाकावरची वेणीवाली उभी राहिली. इतकं सुंदर बोलली. सायकलवरून ओल्या सिमेंटात पडली, तर तिचे बाबा एका पायात चप्पल घालून धावले, आणि दवाखान्यात तिच्याऐवजी तेच रडले. माझे डोळे भरून आले. नशीबवान पोर. मला काही असे बाबा लाभले नाहीत. तिच्या हनुवटीवर टाक्यांची खूणही आहे. एवढे दिवस कशी दिसली नाही कोण जाणे.

रविवार, ६ ऑक्टोबर

ताईचा फोन आला. चिडवत होती, तिथं तरी सायकल जपून चालव, आता धावत यायला बाबा नाहीत. मी विचारलं, कोण बाबा?

ती हसली. मग हसायची थांबली. म्हणाली, आरशात हनुवटी बघ.

बघितली. गुळगुळीत आहे. खूण नाही.

मग ही वही मागे चाळली. सहा सप्टेंबरचं पान तीनदा वाचलं. अक्षर माझं आहे. बाकी एक शब्द ओळखीचा वाटत नाही. खाली शिंप्याचं दुकान बंद होतं आणि मी जमिनीवर बसून एका अनोळखी माणसासाठी रडले.

सोमवार, १४ ऑक्टोबर

मोठ्या बाईंना सांगितलं, नोकरी सोडते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, जाणार कुठे. मी घरचा पत्ता सांगायला तोंड उघडलं आणि—

गल्ली नाही. दार नाही. काहीच आलं नाही.

त्या म्हणाल्या, अजून आई शिल्लक आहे ना, मग घाई कसली. जणू फळ्यावर एवढंच गणित उरलंय.

ताईला फोन करून सगळं सांगितलं. मला घेऊन जा म्हटलं. ती म्हणाली, आईच निघायचं म्हणतेय, ऐकत नाही. बरंच झालं. आई आली की सुटले. तोवर तिच्याबद्दल वर्गात एक अक्षर बोलायचं नाही. आई आहे माझ्याकडे. ती मी कुणाला देणार नाही.

शुक्रवार, १८ ऑक्टोबर

मुलं पुन्हा गप्प. हाताची घडी घालून बसतात. पुस्तक उघडत नाहीत. रागावत नाहीत, रुसत नाहीत, फक्त वाट बघतात. सोमवारपासून कुणी माझ्याशी बोललेलं नाही. एक माणूसही नाही.

आज वेणीवाली टेबलापाशी आली. हळूच विचारलं, बाई, तुमची आई दिसते कशी?

तास अर्धा टाकून पळत आले.

सोमवार, २१ ऑक्टोबर

शाळेत गेले नाही. दुपारी खाली रस्त्यावर सगळा वर्ग उभा. आवाज नाही. माना वर.

घरी जा, एवढंच सांगायला खिडकी उघडली. खरंच तेवढंच. मग म्हटलं, माझी आई येणार आहे न्यायला. म्हटलं, ती केसांचा अंबाडा घालते, वाकडाच बसतो.

हसली सगळी. किती दिवसांनी कुणी माझ्याकडे बघून हसलं. इतकं बरं वाटलं— आणखी थोडं सांगितलं. थोडंच. मला राहवलं नाही.

बुधवार, २३ ऑक्टोबर

आईच्या हातावर भाजल्याचा डाग आहे. उजव्या— की डाव्या—

आवाज कसा होता. फोन लावला तर उचलला कुणा बाईनं, गाडीत होत्या. निघालेय म्हणाल्या. चुकीचा नंबर असेल, ठेवून दिला.

मुलं पुन्हा आलीत. खिडकी उघडायची नाही. नाही—

गुरुवार, २४ ऑक्टोबर

दारात एक बाई आल्यात. प्रवासानं दमलेल्या. पोरं त्यांना बिलगून वर घेऊन आली, पिशवी उचलली, सगळी त्यांना आई म्हणतात. त्या बावरल्यात. पोरांना बाजूला सारून माझ्याकडेच येतात. माझं तोंड दोन्ही हातांत धरून रडतात. का रडतात कळत नाही. मायाळू आहेत फार. कुणाची तरी आई असणार.

पाणी दिलं. बसा म्हटलं. बसत नाहीत. म्हणतात, चल, घरी जाऊ.

मी विचारलं, बाई, तुम्ही कुणाच्या—