तिकडचा अहवाल

३ जानेवारी

सगळं बदललं ते आज, कौटुंबिक न्यायालयाबाहेरच्या बाकावर — तिने आपली पिशवी उचलून मला जागा दिली तेव्हा.

खरं तर भांडायला गेलो होतो. भाऊजी परदेशात बसून ताईकडून चिमणीचा, म्हणजे स्वतःच्या लेकीचा, ताबा मागतात आणि तारखेला पाठवतात बहिणीला! म्हटलं, "तुमच्या भावाला लाज आहे का?"

"असेल, पण ती तिकडे त्याच्याजवळ आहे. तुमचा आवाज मात्र इथे आहे. बसा."

बसलो.

आत ठरलं एवढंच — भाऊजींच्या घराची, नोकरीची तिकडे चौकशी होऊन अहवाल येईपर्यंत निकाल नाही.

११ फेब्रुवारी

अहवाल नाही. पुढची तारीख. ताईचा चेहरा उतरला. मीही तोंड पाडायला गेलो, जमलं नाही. वकीलकाका म्हणाले, "तुला काय रे लॉटरी लागली?"

१८ मार्च

पुन्हा नाही. चहा आणला — एक ताईला, एक तिला. ताई म्हणाली, "कॉलेज अर्ध्यात सोडलंस, का तर एका जागी बसवत नाही. इथे बरा बूड हलवत नाहीस."

२२ एप्रिल

अहवाल आला. न्यायाधीशबाईंनी वाचून दाखवला. घर चांगलं, पगार चांगला. आणि शेवटी — मुलीला सांभाळायला तिची आत्या कायमची तिकडे येणार.

ताईने माझा हात आवळला. चिमणी जाणार. आणि तीही. एका फटक्यात दोघी.

जिन्यात गाठलं तिला. भडकलोच. "इतके दिवस शेजारी बसलीस, एका शब्दाने बोलली नाहीस?"

ती पांढरीफटक. "मलाही आत्ताच कळलं. दादाने परस्पर सांगून टाकलं. मला कोणी विचारलंय?" मग थांबून, "तूही नाही विचारलंस. नुसता ओरडलास."

पुढच्या तारखेला तिचा जबाब.

६ मे

ताई म्हणते, तिला फोन करू नकोस, पढवलं म्हणतील. माझा फोन ताईच्या कपाटात. किल्लीही तिच्याकडेच.

१३ मे

ती उभी राहिली. "मी जाणार नाही. माझी नोकरी इथे आहे. आणि चिमणीला तिची आई आहे."

ताबा ताईकडेच. भाऊजींना सुट्टीत भेट. ताई एकाच वेळी रडत होती, हसत होती. मीही हसलो. मग लक्षात आलं — केस संपली. आता तारीखच नाही.

जाताना म्हणाली, "तुझ्यासाठी नाही हं केलं."

"माहितेय," म्हटलं. तोंड कडू.

१४ मे

ताईने माझा फोन परत दिला. सकाळीच तिचा कॉल. "घरात कोणी बोलत नाहीये माझ्याशी. आई-बाबा दोघंही आहेत. काही विचारायचं असेल तर ये. ओरडायचं नाही."

ताईला सांगितलं. त्याच घरातून ताई चिमणीला घेऊन बाहेर पडली होती. तिने मला वरून खालपर्यंत न्याहाळलं. मग म्हणाली, "शर्ट बदल आधी."

चिमणी विचारते, आत्या मामी झाली तर आत्या कोण राहील? आल्यावर बघू.

निघतो. दार आज हळू लावतो.