त नव्हे, ट

३ फेब्रुवारी २०२५
चार वर्षांनी माझं अपील हायकोर्टाच्या बोर्डावर! आता बघतो एकेकाला. खालच्या कोर्टाने जन्मठेप ठोकली. का, तर मी माझ्या साल्याला, लखनला, बत्त्याने मारलं. अहो, मी त्या रात्री डिंडोलीच्या घरी नव्हतोच. कडोदऱ्याला लूमवर रातपाळी होती. हजेरी लागलेली आहे. (दोस्ताने लावली, तो वेगळा विषय.)
संकल्प : सुटेपर्यंत रागवायचं नाही.

४ फेब्रुवारी
रागावलो. वरणात नुसतं पाणी. चूक वाढणाऱ्याची.

१२ फेब्रुवारी
सरला आजही भेटीला नाही. सख्खी बायको, आणि कोर्टात सांगते, नवरा घरीच होता! खोटारडी. तिच्या सगळ्या नातेवाइकांना तसं कळवलंय मी. लखन तिला माहेरी न्यायला आलेला, म्हणे मी हात उचलतो. उचलला असेल चार-दोनदा. कोणाच्या घरात होत नाही? येईल माफी मागायला. करीन माफ, पण लगेच नाही.

२० फेब्रुवारी, दुपार
सापडलं!! शेजारच्या चंचलबेनची साक्ष पुन्हा वाचून घेतली. तिने ऐकलं म्हणे, मी ओरडलो, 'पतावी दईश'. गुजरातीत म्हणजे, संपवून टाकीन. अगं बाई, मी आपल्या अहिराणीत बोललो, 'पटवी देस'. पटवून देतो! लखनला समजावत होतो मी. त नव्हे, ट! एका अक्षरावर जन्मठेप? हायकोर्ट हादरणार.

२४ फेब्रुवारी
सरकारी मदतीच्या वकील वैशालीबेनना फोनवर ट सांगितला. त्या ओरडल्याच. म्हणाल्या, भिकनभाऊ, हजेरी आपल्या बाजूने आहे, साक्षीदारांच्या वेळा जुळत नाहीत, त्यावर सुटायचा चान्स आहे. ट चं नाव काढायचं नाही.
त्यांना सुचला नाही ना, म्हणून जळतात.

९ मार्च
ट ची प्रॅक्टिस. बॅरेकवाले वैतागले. अडाणी लोक.

१८ मार्च
व्हिडिओवर सुनावणी. वैशालीबेन नुसत्या कडोदरा-कडोदरा करत होत्या. जजसाहेब मान हलवत होते, पण रंगत नव्हती. शेवटी मीच म्हणालो, साहेब, एक मिनिट. बेन नको नको करत राहिल्या. ट दोनदा म्हणून दाखवला. साहेबांनी नीट ऐकलं. विचारलं, हे तुम्ही कुठे उभं राहून म्हणालात? मी ठणकावून सांगितलं, माझ्याच घरात, ओट्यापाशी, लखनच्या समोर!
बेननी चष्मा काढून ठेवला. जिंकलो.

२ एप्रिल
अपील फेटाळलं.
बेन फोनवर म्हणाल्या, तुमचा ट कोर्टाला पटला. तुम्ही घरी होता, हेही पटलं.
सरला कोर्टात आलेली म्हणे. तिला काय वाटलं, मी बेनना विचारलं. रडली म्हणे. म्हणाली, आता तरी मला कोणी खोटारडी म्हणणार नाही.