एकोणिसावी ओळ

सोमवार, ३
नवी नोकरी, नवं गाव, भाड्याची नवी खोली. खोली कसली, कपाटाला खिडकी बसवलीय. पण खिडकी आहे! पन्नाशीला टेकलेल्या बाईला कुणी कामावर घेतं हेच नवल, म्हणून सकाळपासून दिसेल त्याच्याकडे बघून हसतेय. परत कुणी हसलं नाही. हसतील, काही यंत्रं तापायला वेळ घेतात.

काम संस्थेच्या वेबसाइटची पानं सांभाळायचं. मजकूर निवडायचा, बटण दाबायचं, अक्षर ठळक. तेच बटण परत दाबायचं, ठळकपणा उतरला. माणसांचं इतकं सोपं असतं तर पहिला नंबर आमच्या साहेबांचा लावला असता.

मंगळवार, ४
आज कर्मचाऱ्यांच्या यादीचं पान उघडलं आणि डोळे दुखले. कुणी स्वतःचं नाव लाल करून ठेवलंय, कुणी तिरपं. ग्रंथपालांनी नाव ठळक करून वर अधोरेखितही केलंय, न जाणो एखाद्याच्या नजरेतून सुटलं तर! साहेबांचं नाव एवढं मोठं, की बाकीची यादी त्यांच्या पोटाखाली दबल्यासारखी दिसते.

एक रीत मात्र आवडली. इथं यादीतून नाव कधीच काढत नाहीत. माणूस गेला, निवृत्त झाला किंवा वारला, की त्याच्या ओळीला ‘माजी’ नावाची शैली लावतात. अक्षरं राखाडी होतात, डोळे बारीक केले तरच दिसतात. पण जागेवर असतात.

विसावी ओळ माझी. काळीभोर. बराच वेळ बघत बसले.

गुरुवार, ६
साहेबांचं फर्मान आलं, पान एकसारखं करा. मी सगळं पान निवडलं आणि ‘फॉरमॅट काढा’ दाबलं. एका क्षणात थोर, किरकोळ, जिवंत, मेलेले सगळे एका मापाचे. मग एकेका ओळीला पुन्हा नीट शैली लावत गेले. साहेबांना थोडं मोठंच ठेवलं. मलाही पोट आहे.

संध्याकाळी धाकट्या बहिणीचा फोन. मला ती एकटीच उरलीय. म्हणाली, ताई, तिथं बोलायला आहे का गं कुणी? मी म्हटलं, ढीगभर.

सोमवार, १०
टेबलावर कुणाचा तरी चष्मा. माझी खुर्ची कुणी तरी खाली केलेली. शिपायाला विचारलं, तर सहज म्हणाला, बाईंचा असेल. कोण बाई? तुमच्या आधीच्या, म्हणाला आणि स्वतःच चपापला.

त्या दोन वर्षांपूर्वी वारल्या. याच टेबलावर. जेवणाच्या सुट्टीत डोकं टेकवलं ते टेकवलंच. डुलकी लागली असेल म्हणून कुणी हलवलं नाही. दुसऱ्या दिवशी झाडायला आलेल्या बाईला कळलं.

मी पान उघडलं. एकोणिसावी ओळ त्यांची. गुरुवारी मी सगळ्या गेलेल्यांना परत ‘माजी’ लावली होती, ही एक ओळ माझ्याकडून राहून गेली होती. चार दिवस बाई काळ्या अक्षरांत कामावर होत्या. खालची माझी ओळ जराशी फिकी वाटली, पडदा जुना असेल.

तेवढ्यात मागून कुणी तरी विचारलं, जेवलात का. वळून पाहिलं. कुणी नाही. घाईघाईनं ‘माजी’ लावली. चष्मा गेला.

बुधवार, १२
घाबरायला हवं होतं. घाबरलेही. पण काल आणि आज मिळून माझ्याशी बोललं ते फक्त छपाईयंत्र, कागद संपलाय म्हणालं. या इमारतीत मी जेवले की नाही हे एकाच व्यक्तीनं विचारलं, आणि तिला मी बटण दाबून घालवून दिलं.

गुरुवार, १३
दुपारी एकोणिसाव्या ओळीची शैली काढली. फक्त सुट्टीपुरती.

बाई समोर बसल्या. साधी साडी, बारीक आवाज. साहेब फाइल उघडण्याआधी कसे खाकरतात ते करून दाखवलं. माझ्या हसण्याचा आवाज मलाच अनोळखी वाटला. सुट्टी संपली तशी मी बटणाकडे हात नेला. म्हणाल्या, आजच्या दिवस राहू द्या ना. राहू दिलं.

शुक्रवार, १४
माझी विसावी ओळ राखाडी. ‘माजी’ मी लावलेली नाही. काढली, जतन केलं. चहा घेऊन आले, पुन्हा राखाडी, आधीपेक्षा फिकी.

एका टेबलाची एकच ओळ काळी राहते. त्यांची किंवा माझी.

एकोणिसाव्या ओळीवर ‘माजी’ लावायला गेले. बाईंनी हात धरला नाही, काही नाही. एवढंच म्हणाल्या, परत तिथं नको हो, तिथं कुणी कुणाला काही विचारत नाही. मला दाबवेना. सोमवारी दाबीन.

रविवार, १६
बहिणीला फोन केला. कोण बोलतंय, म्हणाली. अगं मी, ताई. तर किती मऊपणे म्हणाली, चुकीचा नंबर लागला तुम्हाला, मला बहीण नाही—

पुन्हा लावला. पुन्हा तेच. तितकंच मऊ.

सोमवार, १७
दाबायचंच ठरवून आले. पासवर्ड चालत नाही. कळा दाबते, अक्षर उमटत नाही. खुर्चीत बाई. ग्रंथपाल त्यांना म्हणाले, बऱ्याच दिवसांनी दिसलात. शिपाई माझ्यातून— बाजूनं नाही, माझ्यातून—

मंगळवार, १८
सकाळपासून बाईंशी बोलतेय. त्या ऐकत नाहीत. ऐकू येत नाही त्यांना. वहीत शाईही धड—

ओरडले. टेबलावर हात आपटला. त्यांनी फक्त खिडकी लावून घेतली.

आता पान उघडलंय त्यांनी. यादीचं. बाण खाली येतोय. सतरा. अठरा. स्वतःच्या नावावर थांबल्या, हसल्या. आणखी खाली—

माझ्या ओळीवर. डोळे बारीक करून वाचताहेत.

निळी पट्टी चढली. माझं नाव निवडलं त्यांनी. बाई, मी इथंच उभी आहे, तुमच्या खांद्यापाशी, नुसतं एक बटण, ‘फॉरमॅट काढा’, ते नाही, ते खोडायचंय, त्याच्या शेजारचं, शेजार—