तुझी नात काउंटी कौन्सिलवर निवडून आली

आई, तुझी नात निवडून आली. काउंटी कौन्सिलवर. आता तू विचारशील, काउंटी म्हणजे काय गं? तर आपला जिल्हा समज, आणि कौन्सिल म्हणजे जिल्हा परिषद. इथं अमेरिकेतल्या लोकांना मी हेच उलट्या बाजूनं सांगते, की माझी आई भारतात काउंटी कौन्सिलवर होती. ऐकणारा भुवया उंचावतो, आणि मी अशी काही ताठ उभी राहते की पाठदुखीसुद्धा विसरते. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी मी तुझ्या नावावर मिरवतेय. मिरवू दे की, दुसऱ्या कुणाच्या आईनं केलंय एवढं?

बायकांसाठी जागा राखीव झाली आणि बाबांना उभं राहता येईना, म्हणून पुढाऱ्यांनी तुला उभं केलं. पोस्टरवर बाबांचा फोटो तुझ्याहून मोठा. तू मात्र भाकरी करताना तवा जरा जास्त जोरात आपटायचीस. संक्रांतीनंतरची निवडणूक होती. तू गावोगावच्या हळदीकुंकवांना गेलीस, कारण पुरुषांशिवाय बायका एकत्र सापडायच्या त्या तिथेच. मग आपल्या घरी हळदीकुंकू केलंस तेव्हा विधवांनाही बोलावणं धाडलंस. आत्या केवढी भडकली होती! तू ओट्यापाशीच उभी राहून म्हणालीस, "वन्सं, मतदारयादीत कुणाच्या कपाळावर काय आहे ते लिहिलेलं नसतं." तू निवडून आलीस. पहिल्या सभेला शाळा बुडवून मीही तुमच्याबरोबर आलेय. सभागृहात सगळ्या नव्या महिला सदस्यांच्या शेजारी त्यांचे नवरे बसलेत, आणि बाबाही तुझी फाइल मांडीवर घेऊन ऐसपैस बसतात. तू फाइल उचलतेस आणि म्हणतेस, "अहो, इथं सदस्यांनी बसायचंय. तुम्ही बाहेर चहा घ्या, मी येतेच." बाबा घरी येईपर्यंत बोलले नाहीत, आणि त्यानंतरही बरेच दिवस नाहीत. पण तू भांडून मुलींच्या शाळेला संडास बांधून घेतलास, तेव्हा उद्घाटनाचा नारळ घेऊन पुढे कोण? आपले बाबाच!

तर आता इकडचं ऐक. आमच्या काउंटीचा इतिहास मला लेकीनंच शिकवला, बेलव्ह्यूच्या घरात जेवणाच्या टेबलावर, वरणभात गार होईपर्यंत. आधी म्हणे कौन्सिल नव्हतंच, तीन कमिशनर सगळा कारभार हाकायचे. मग लोकांनीच मतं देऊन काउंटीची नवी घटना आणली, काउंटीचे भाग पाडले, दर भागाला एक सदस्य. सदस्य कधी वाढवले, कधी कमी केले, तेही लोकांनाच विचारून. पुढे बॅलटवरून, म्हणजे मतपत्रिकेवरून, पक्षाचं नावच काढून टाकलं. मी म्हटलं, "म्हणजे चिन्हपण नाही?" "नो, आई. जस्ट द नेम." अगं, मग मत मागायचं तरी कसं? कपबशी नाही, शिलाई मशीन नाही! पूर्वी लोक केंद्रावर जाऊन मत द्यायचे, आता बॅलट घरी येतं. ते भरायचं, पाकिटावर सही करायची आणि पोस्टात नाहीतर रस्त्याकडेच्या पेटीत टाकायचं. बोटाला शाई नाही, रांग नाही, बाचाबाची नाही. मला तर ते मतदान वाटतच नाही. मग तिनं लॅपटॉपवर जुने फोटो दाखवले. कोटटायवाले पुरुष ओळीनं बसलेले. मी म्हटलं, "हे तर आपल्या जिल्हा परिषदेच्या भिंतीवरचे अध्यक्ष, फक्त टोप्या काढून ठेवलेले." मला वाटलं हसेल. ती म्हणाली, "दॅट्स व्हाय आय ॲम रनिंग." म्हणजे, म्हणूनच उभी राहतेय. आणि वरणभात मायक्रोवेव्हमध्ये ठेवायला उठली. मी तिच्याकडे बघतच राहिले. चालणं हुबेहूब तुझं.

मला इथं मत नाही, आई. माझ्याकडे ग्रीन कार्ड आहे. त्यावर राहता येतं, नोकरी करता येते, टॅक्स तर भरावाच लागतो, पण मत देता येत नाही. इतकी वर्षं त्याचं काही वाटलं नव्हतं, लेक उभी राहिली आणि जिवाला लागलं. म्हटलं, आपलं नाही तर नाही, दुसऱ्यांची आणू. आमच्या इथं मुलांनी बोलावून घेतलेल्या कितीतरी काकू आहेत. त्या कधीच्या सिटिझन झाल्यात, पण प्रेसिडेंट सोडला तर कुठल्या निवडणुकीचं पाकीटही उघडत नाहीत. चैत्रात मी हळदीकुंकू केलं. आंब्याची डाळ, पन्हं, सगळं साग्रसंगीत, आणि बोलावणं सरसकट सगळ्यांना. लेक मोडक्या मराठीत उभी राहून बोलली, "मी क्लिनिकपर्यंत बस आणणार. काउंटीच बस चालवते. तुम्हाला मुलाची वाट बघायला नको." मग नागपूरच्या एक काकू, तिथल्या मुलींच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका, म्हणाल्या, "पोरी, हे कोणी आधी का नाही सांगितलं? मुलगा गाडी घेऊन कामावर गेला की आम्ही घरात कैदेतच असतो." त्या दिवसापासून त्याच माझ्या पुढे. उन्हाळाभर आम्ही दारोदार हिंडलो, त्या बोलायच्या आणि मी गाडी चालवायचे.

निवडणुकीच्या संध्याकाळी आकडे आले आणि पोरगी मागे होती. इथं पोस्टातली पाकिटं येत राहतात, म्हणून रोज थोडी थोडी मोजणी होते. फरक रोज कमी होत होता आणि मी रोज एक पोळी कमी खात होते. तेवढ्यात नागपूरच्या काकूंना निवडणूक कार्यालयाचं पत्र आलं, की पाकिटावरची सही नोंदीतल्या सहीशी जुळत नाही, सबब मत बाजूला ठेवलंय. मग दुसऱ्या एका काकूंना आलं, मग तिसऱ्या. काय झालं असेल? अगं, सगळ्यांनी सही मराठीत ठोकून दिली होती! लायसन्स काढताना मुलांनी शिकवलेली इंग्रजी सही नोंदीत, आणि आता घरच्या पोरीला मत द्यायचं म्हणून प्रत्येकीनं आपली खरी सही केली. मला हसावं की रडावं कळेना. निकाल पक्का व्हायच्या आत दुरुस्ती झाली नाही तर ती मतं गेली, आणि लेक पडली असती तर ती नेमकी या मतांवाचून पडली असती.

मी गाडी काढली ती थेट नागपूरच्या काकूंकडे. त्यांचा मुलगा दुरुस्तीचा कागद पुढे धरून उभा होता. "आई, यार, इंग्लिशमध्ये साइन कर ना, विषय संपव." काकू हाताची घडी घालून बसलेल्या. "याच सहीनं मी आयुष्यभर पोरींचे दाखले दिले. आता माझीच सही माझी नाही? मी खोटी सही करणार नाही." मी म्हटलं, "काकू, थांबा जरा," आणि तो कागद चष्मा लावून नीट वाचला. त्यात कुठंच इंग्रजी लिहिलेलं नव्हतं. पाकिटावर केली तश्शीच सही पुन्हा करायची, म्हणजे मत मोजलं जाणार, आणि पुढे हीच सही नोंदीला राहणार. काकूंनी माझ्याकडे पाहिलं, मुलाकडे पाहिलं, पेन झटकलं आणि ठसठशीत सही केली, वर सरळ शिरोरेघ. "आता ठेवा म्हणावं ही नोंदीला," त्या म्हणाल्या. मुलगा हसायला लागला. पुढे मी प्रत्येक काकूंच्या घरी हेच सांगत गेले, आणि एकीनंही इंग्रजी सही केली नाही. इतका अभिमान मला माझ्या डिग्रीचाही कधी वाटला नव्हता.

लेक निवडून आली. थोडक्यात, पण आली. काकूंच्याच मतांनी आली असं मी म्हणणार नाही, म्हटलं तर ती रागावते. शपथ घेताना तिनं मला शेजारी उभं केलं. मी सगळ्यांसमोर हुंदके देऊन रडले, अजिबात लाज वाटली नाही. मग ती खुर्चीत बसली, माइक जवळ ओढला, आणि पहिल्याच बैठकीत अधिकाऱ्याला बसबद्दल असे काही प्रश्न विचारले की तो बिचारा कागद चाळायला लागला. तू असायला हवी होतीस. खूप हवी होतीस, आई.

बाहेर पडताना एक बाई माझा हात धरून म्हणाल्या, स्वतःच्या लेकीला मत देताना कसं वाटलं हो? मी नुसती हसले. घरी येऊन सिटिझनशिपचा अर्ज भरला. ती पुन्हा उभी राहील तेव्हा तिच्या आईचं मत तिला मिळायला हवं. पण इथली सिटिझन झाले की भारतातलं माझं मत जाणार. तुझी जागा खुली झाली, पक्षानं तुला तिकीट नाकारलं आणि तू अपक्ष उभी राहून पडलीस, त्या निवडणुकीत मी आयुष्यातलं पहिलं मत दिलं होतं. तुला. ते तुला कधी सांगितलं नाही, मत गुप्त असतं असं तूच शिकवलं होतंस. लेकीला सांगितलंय की अर्ज गेला. आई, तो अजून गेलेला नाही.